विम्याच्या खिडकीतली टाचणी

तिला ‘टाचणी’ हे नाव मी ठेवलं. बघता बघता ते रुग्णालयभर पसरलं. शिपायापासून सर्जनसाहेबांपर्यंत सगळे तिच्या पाठीमागे तिला टाचणीच म्हणायला लागले, आणि हा शोध माझा आहे हे मी चहाच्या वेळी आवर्जून सांगायचो. लोकांच्या तोंडी बसलेली माझी अशी दुसरी कुठलीच गोष्ट नव्हती, म्हणून हीच सांगायचो.

खिडकी विम्याची. तळमजल्यावर, औषधाच्या दुकानाला लागून. काचेला बोलायला एक गोल भोक, खाली कागद सरकवायला फट, आत दोन टेबलं आणि एक कुरकुरा प्रिंटर. ऑपरेशन ठरलं की नातेवाईक आमच्याकडे येतात. आम्ही कागद गोळा करून विमा कंपनीला पत्र लिहितो, की या माणसाला हे ऑपरेशन अमुक कारणासाठी लागतंय, मंजुरी द्या. कंपनीत एक तपासणी डॉक्टर बसलेला असतो. तो हो म्हणाला तर पुढची तारीख, नाही म्हणाला तर आमच्या काचेवर नातेवाइकांच्या मुठी.

त्या खिडकीत मी एकोणीस वर्षं एकटा होतो. सरकारचं कुठलं परिपत्रक कधी निघालं, कुठल्या कलमानं कुठलं कलम रद्द झालं, झोपेतून उठवून विचारा. लोक मला ‘नियमावली’ म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे, पण मला आवडायचं.

आणि मग ही बया आली. ऑपरेशन थिएटरमधून. पंधरा वर्षं तिथं सिस्टर होती, सर्जनच्या हातात नेमकं हत्यार नेमक्या क्षणी ठेवायचं हे तिचं काम. पुढे मानेतला मणका सरकला, उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली, चिमटे हातातून निसटायला लागले. तिला घरी बसवण्याऐवजी वरच्यांनी माझ्या शेजारी आणून बसवलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. एका सकाळी आलो तर माझ्या कपाटाची दुसरी चावी तिच्या गळ्यात.

बारीक, ताठ, बोलली की टोचणारी. शिवाय बाहीवर ओळीनं खरोखरच्या टाचण्या. स्टेपलरला हात लावायची नाही. म्हणायची, “स्टेपल काढताना कोपरा फाटतो. फाटका कागद तिकडे स्कॅनरमध्ये अडकतो. अडकला की माणूस वैतागतो. वैतागलेल्या माणसाकडे आपण काही मागायचं नसतं.” मला हसू आलं. हे काय काम झालं? डबा उभ्यानं खायची, सात मिनिटांत, थिएटरमधली सवय. खाण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायची. तिच्यामुळे बेसिनजवळची फरशी कायम ओली. एकदा मी घसरलो, तर म्हणते, “पावलं उचलून टाका, ओढू नका.” माझंच चुकलं!

घरी तिचे म्हातारे वडील होते, पार बहिरे. त्यांच्याशी ती फोनवर बोलायची. बहिऱ्या माणसाशी फोनवर! विचारलं तर म्हणाली, “त्यांना थरथर कळते. फोन आला म्हणजे मी आठवण काढली, एवढं पुरतं.” लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि तिनं सांगितलंही नाही.

आता यंत्राचं. आमच्याकडे चार हातांचं ते मोठं यंत्र आलं. सर्जनसाहेब कोपऱ्यात एका खोक्यात डोळे घालून बसतात, बोटं हलवतात, आणि तिकडे टेबलावर यंत्राचे हात रुग्णाच्या पोटात काम करतात. खूप बारीक टाके, कमी रक्त, चार दिवसांनी माणूस घरी. विमा कंपन्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली. मग सरकारनं नियम काढला की केवळ यंत्रानं केलं म्हणून ऑपरेशन नाकारता येणार नाही. पण यंत्रच का लागतं, हे रुग्णालयानं पटवून द्यायचं. म्हणजे कोणी? आम्ही. खिडकीनं.

मी पटवायचो. कलम, पोटकलम, परिपत्रकाची तारीख, मागचे तीन निर्णय, सगळं. चार पानी पत्र. दहातली सहा परत यायची. ती दीड पान लिहायची. दहाच्या दहा मंजूर.

पहिल्यांदा वाटलं, नशीब. महिनाभरानं वाटलं, कंपनीत कोणी ओळखीचं असणार. तीन महिन्यांनी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. नातेवाईक माझी रांग मोकळी दिसत असताना तिच्या रांगेत उभे राहायचे. “इकडे या, इथंही तेच काम होतं,” मी म्हणायचो. “असू द्या साहेब, आम्हाला घाई नाही,” म्हणायचे. उद्या पोट फाडून घ्यायचंय आणि म्हणे घाई नाही!

सगळ्यात जास्त कधी झोंबलं ते सांगतो. सर्जनसाहेब एकदा स्वतः खाली आले. एकोणीस वर्षांत हा माणूस माझ्या काचेसमोर कधी वाकला नव्हता. त्या दिवशी त्या गोल भोकाशी वाकले आणि मला ओलांडून म्हणाले, “सिस्टर, कालचं पत्र वाचलं. मलाच कळलं मी काय करणार आहे ते.” ती म्हणाली, “बरं,” आणि पुढचा कागद ओढला. तेवढंच. तिला त्याचं काहीच नव्हतं, हे आणखी वाईट. मला कोणी असं म्हणालं असतं तर मी फ्रेम करून लावलं असतं.

मग मी तिची गोम शोधायचं ठरवलं. ती डबा खायला गेली की माझ्याकडे सात मिनिटं असायची. रोज एक फाइल काढून वाचायचो. वाचून आणखी जळायचो.

ती काय करायची, तर आधी वर वॉर्डात जायची. स्टुलावर बसून रुग्णाला विचारायची, “सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?” काय म्हणून? पण त्यावरून तिला कळायचं, की या माणसाचं काय गेलं तर त्याचं सगळं जाईल. मग थिएटरमधलं आपलं ज्ञान घालून दीड पान लिहायची. आणि शेवटचा परिच्छेद नेहमी तीन ओळींचा, मोजून मापून. एकदा कंपनीकडून आलेली मंजुरी शेजारी ठेवली आणि उजेड पडला. तपासणी डॉक्टरनं शेऱ्याच्या चौकटीत जे लिहिलं होतं, ते तिच्याच शेवटच्या तीन ओळी. शब्दाला शब्द.

मी तिला गाठलं. “बाई, ही फसवणूक आहे. परीक्षकाची उत्तरपत्रिका तुम्हीच लिहून देताय.”

“अहो, त्या बिचाऱ्यासमोर दिवसाला साठ फायली असतात,” ती म्हणाली. “आणि त्याच्या डोक्यावर त्याचा तपासनीस. नाही म्हटलं तर त्याला कोणी विचारत नाही. हो म्हटलं तर का म्हटलं ते तीन ओळींत लिहावं लागतं. मी एकदा फोन करून विचारलं, तुम्हाला काय लिहावं लागतं? त्यानं सांगितलं. तेच मी लिहिते. खोटं असेल तर तो कशाला घेईल?”

एकोणीस वर्षांत हा फोन करायचं मला सुचलं नव्हतं. त्या रागात मी दोन पत्रं तिच्या पद्धतीनं लिहून पाहिली. दोन्ही परत आली. माझ्या तीन ओळींत पाच कलमं बसली होती आणि रुग्ण कुठेच नव्हता. हे मी कोणाला सांगितलं नाही. पत्रं फाडली, तीही घरी नेऊन.

आता माझा गुन्हा. फिरवून फिरवून सांगत नाही.

ती अर्जावर शीर्षक नेहमीचंच टाकायची. म्हणजे ‘मूत्रपिंडाच्या गाठीची शस्त्रक्रिया’ किंवा जे असेल ते. यंत्राचा उल्लेख आत, पत्रात, उघडपणे. तिचं म्हणणं, ऑपरेशन तेच आहे, हत्यार बदललंय. अर्जात ‘नवतंत्र’ नावाचाही एक रकाना होता, पण यंत्रं तिथं टाकायची की नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नियमात फट होती आणि सगळी रुग्णालयं त्या फटीतून गुपचूप ये-जा करत होती. कंपन्यांनाही चालत होतं.

मी विमा नियंत्रण कार्यालयाला पत्र लिहिलं. तक्रार नाही हं. तिचं नाव नाही, काही नाही. नुसता ‘खुलासा मिळण्याबाबत’. यंत्राच्या शस्त्रक्रिया कोणत्या शीर्षकाखाली दाखल कराव्यात, याबाबत मार्गदर्शन व्हावे. खाली माझी झोकदार सही. आमच्या धंद्यातला नवशिक्यासुद्धा ही चूक करत नाही. सरकारी कार्यालयाला प्रश्न विचारायचा नसतो, कारण ते उत्तर देतं. मला हे पुरेपूर माहीत होतं. मला उत्तरच हवं होतं.

दोन महिन्यांत परिपत्रक आलं. ‘एका रुग्णालयाच्या विमा कक्षाने उपस्थित केलेल्या शंकेच्या अनुषंगाने’ यापुढे यंत्राच्या सर्व शस्त्रक्रिया नवतंत्राच्या रकान्यात. त्यांचा निर्णय तपासणी डॉक्टर नाही, तीन जणांची समिती घेणार. समिती दोन महिन्यांतून एकदा बसणार. जीव आज-उद्यात जाणार असेल तरच सूट. मी ते ‘उपस्थित केलेल्या शंकेच्या’ चार वेळा वाचलं. छापून आलो होतो ना मी, नाव नसलं म्हणून काय झालं!

टाचणीनं ते वाचलं, खाली ठेवलं, आणि म्हणाली, “कोणत्या गाढवानं विचारलं असेल हो हे?” मी प्रिंटरमधला कागद नीट करत होतो. तो तसाच करत राहिलो.

त्या आठवड्यात तिच्याकडे एक बसड्रायव्हर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. प्रोस्टेटची गाठ, वाईट जातीची. सर्जनसाहेब म्हणत होते की यंत्रानं केलं तर लघवी धरून ठेवणाऱ्या नसा सांभाळता येतील, निदान शक्यता बरीच जास्त. आठ-आठ तास बस चालवणारा माणूस, त्याला हे किती महत्त्वाचं ते तिच्या पत्रात होतंच. पण पत्र वाचणारं कोणी नव्हतं. समिती सात आठवड्यांनी बसणार होती आणि गाठ तेवढी थांबणारी नव्हती. यंत्राचा खर्च खिशातून झेपणारा नव्हता, म्हणून मामांचं ऑपरेशन हातानं, पोट उघडून झालं. जीव वाचला. लघवी थांबेना. ड्रायव्हरकी गेली. यंत्रानं झालं असतं तरी खात्री नव्हती, असं सर्जनसाहेब नंतर म्हणाले. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. टाचणी त्या दिवशी डबा न खाता पंधरा मिनिटं नळाखाली हात धरून उभी होती, आणि मी मनात म्हणालो, आता कळेल, दहाच्या दहा कशी मंजूर होतात ते.

हो, म्हणालो. असा होतो मी.

मग माझ्या बायकोच्या सोनोग्राफीत गाठ दिसली. उजव्या मूत्रपिंडात, लिंबाएवढी. आणि डावं मूत्रपिंड जन्मापासून सुकलेलं, नावापुरतं. सर्जनसाहेबांनी चित्र काढून दाखवलं. हातानं उघडून केलं तर अख्खं उजवं मूत्रपिंड काढावं लागण्याची भीती. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस, कायमचं. यंत्रानं केलं तर नुसती गाठ काढून बाकीचं वाचवता येईल. “दीड महिना थांबू शकतो, त्यापुढे नाही,” ते म्हणाले. समितीची पुढची बैठक तीन आठवड्यांनी होती. आधीच्या बैठकीत नऊ फायली गेल्या होत्या. सात परत आल्या होत्या.

माझी बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दिवसभर उभ्यानं, चाकाशी. तिच्या हातची काच डोळ्याला लावली की जग धुतल्यासारखं दिसतं, असं तिचे मालक म्हणतात. ती घरी येताना मला म्हणाली, “डायलिसिसवर बसून काच घासता येत नसेल, नाही?” मी म्हणालो, “तू काळजी करू नको. नियम मला पाठ आहेत.”

अकरा पानी अर्ज लिहिला मी. आयुष्यातला सर्वोत्तम. पण नातेवाइकाच्या फाइलवर सही करता येत नाही, हाही नियम मलाच पाठ. सही टाचणीचीच लागणार होती. फाइल तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “फक्त सही करा. वाचायची गरज नाही.”

तिनं वाचलं. अकराच्या अकरा पानं. मग म्हणाली, “हे परत येईल.”

“कशावरून?”

“यात तुमची बायको नाहीये.” आणि मग, “मी रविवारी तुमच्याकडे येते.”

नाही म्हणावं असं जिभेवर आलं होतं. शप्पथ सांगतो, बायकोचं मूत्रपिंड पणाला लागलेलं असताना माझ्या जिभेवर ‘नाही’ होतं. गिळलं.

रविवारी ती आली, कोपरापर्यंत हात धुतले, आणि बायकोच्या समोर बसून तोच प्रश्न. “सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?” मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. दार अर्धं उघडं. बायको बोलायला लागली ती थांबेना. पहाटे उठून खिडकीशी उभी राहून बोटांची टोकं तपासते, म्हणाली, काच घासायला त्यांना जाण लागते म्हणून. एका मूत्रपिंडाचं तिला लहानपणापासून माहीत होतं. लग्न ठरताना आईनं सांगितलं होतं, सासरी बोलू नकोस. “मग बोलायचं राहूनच गेलं हो ताई. यांना आता कळलं तेव्हा मी अडाण्यासारखा चेहरा केला.”

चहा उतू गेला. बत्तीस वर्षं मी या बाईच्या शेजारी झोपतोय. मला नाही सांगितलं, आणि या टाचणीला चाळीस मिनिटांत! मूत्रपिंडाचं दुःख बाजूला राहिलं, मला हेच डाचत बसलं. नोकरीतल्या विम्याला जुनी दुखणी आड येत नाहीत, त्यामुळे सांगण्यानं फाइलचं काही बिघडणार नव्हतं. बिघडलं ते माझं. कप घेऊन बाहेर गेलो तर दोघी हसत होत्या. मी आल्यावर गप्प झाल्या.

पत्र दीड पानाचं झालं. मी वाचलं. त्यात माझी बायको होती, मला माहीत असलेली आणि नसलेलीही. चूक शोधायची म्हणून तीनदा वाचलं, एक स्वल्पविराम सापडला.

आता एकच घोडं अडलं होतं. समितीसमोर रुग्णालयाचा प्रतिनिधी जाऊ शकतो. तीच जाणार होती. आणि ज्या परिपत्रकानं समिती नेमली त्याची मूळ फाइल समितीच्या टेबलावर असते, ती प्रतिनिधीलाही दाखवतात. त्या फाइलचं पहिलं पान म्हणजे माझं खुलाशाचं पत्र, झोकदार सहीसकट. तिनं ते ऐन वेळी तिथं पाहिलं असतं तर? तिथल्या तिथं भडकली असती, शब्द चुकली असती, उठून निघूनही आली असती. म्हणजे बघा, मी सांगायचं ठरवलं ते काही पश्चात्तापानं नाही. घाबरलो म्हणून.

बैठकीच्या आदल्या दुपारी, तिच्या सात मिनिटांत, बेसिनजवळ जाऊन सांगितलं. “ते गाढव मी होतो.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. हातातला डबा तिनं बेसिनच्या कडेवर ठेवला. “मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“माझ्यासाठी?”

मी होकारार्थी मान हलवली. मला वाटलं ती ओरडेल. मी ओरडा खायची तयारी करून गेलो होतो, माझ्याकडे उत्तरंही होती, नियमात बसणारी. ती ओरडली नाही. म्हणाली, “मामांना मी सांगितलं होतं, तुमचं होईल. त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं.” मग न खाताच डब्याला झाकण लावलं. “उद्या मी जाईन. वहिनींसाठी जाईन. तुम्ही माझ्याशी कामाशिवाय बोलू नका.”

ती गेली. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर. धुरकट काचेचं दार, आतले आवाज अर्धवट. एका सदस्यानं विचारलं, यंत्रच कशाला, हुशार सर्जन हातानंही वाचवतात. मग तिचा आवाज आला, थिएटरमधला, स्वच्छ. “गाठ काढताना मूत्रपिंडाचं रक्त बंद करावं लागतं, साहेब. या बाईला एकच मूत्रपिंड. माझ्या पंधरा वर्षांत मी घड्याळ धरून उभी राहिलेय. पंचवीस मिनिटांच्या आत टाके पूर्ण झाले तर ते पुन्हा जागं होतं. त्यापुढे प्रत्येक मिनिट तिच्या खिशातून जातं. आमच्या सर्जनला यंत्रानं सतरा लागतात. हातानं किती लागतात तेही मी सांगू शकते, कारण हत्यारं मीच देत होते.”

त्याच संध्याकाळी मंजुरी आली. शेऱ्याच्या चौकटीत तिच्याच तीन ओळी. शब्दाला शब्द.

ऑपरेशन छान झालं. एकोणीस मिनिटं. बायकोचं मूत्रपिंड वाचलं. थिएटरबाहेर सर्जनसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा मी रडलो, आणि रडता रडता मनात आलं, हिच्यामुळे वाचलं. कोणाच्याही मुळे वाचलं असतं तर चाललं असतं, हिच्याच मुळे का! लाज वाटते सांगायला, पण आलं मनात.

त्यानंतर खिडकीत आम्ही दोघं. ती माझ्याशी कामाचं बोलते. “क्ष-किरण कुठे?” “या पानावर शिक्का.” बस. आणि संध्याकाळी माझ्याच घरच्या फोनवर माझ्या बायकोशी अर्धा अर्धा तास. बायको हसते, हळू बोलते, मी आलो की “बरं ताई, ठेवते.” मी आता कोणाकोणावर जळायचं?

बायको पुन्हा कामावर जायला लागली तेव्हा म्हणाली, “ताईंना जेवायला बोलवा ना.” मी म्हणालो, बोलवलं, त्यांना जमत नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिनं हातातलं काम थांबवलं. “अहो, फोनवर इतकं बोलतात आणि घरी यायचं नाव काढत नाहीत. तुम्ही काही बोललात का त्यांना?”

सांगितलं. काय करणार! पत्र, रकाना, समिती, सगळं. मामांचंही. मला वाटलं ती म्हणेल, माझं मूत्रपिंड तुम्ही घालवायला निघाला होतात. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, “ते मामा आता काय करतात?”

“मला काय ठाऊक?”

“नाही ठाऊक?” एवढंच म्हणाली, पण ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी या घरात कधी पाहिली नव्हती. “त्यांचा पत्ता तुमच्या कपाटात असेल. रविवारी जायचं.”

दुसरा मजला, अंधारा जिना. मामींनी दार उघडलं. मामा सोफ्यावर, चादरीखाली रबरी कापड, कडेनं दिसत होतं. पूर्वी ऐसपैस होते, आता सदरा खांद्यावरून उतरत होता. मला बघून खुलले. “अरे, खिडकीवाले साहेब! या, या. वहिनींची तब्येत कशी? ताई सांगत होत्या, मूत्रपिंड वाचलं म्हणून. फार बरं वाटलं बघा.”

“ताई येतात?” मी विचारलं.

“दर बुधवारी. कामावरून परस्पर. ते व्यायाम असतात ना, नसांचे, ते करून घेतात. थोडा फरक आहे.”

तिथंही ती माझ्या आधी पोहोचली होती. आणि लपवून काय करू, माझ्या पोटात तिथंही दुखलं.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी सुरुवात केली. “मामा, तुमचं ऑपरेशन यंत्रानं व्हायचं होतं…” तेवढ्यात त्यांनी हात वर केला, “एक मिनिट हं,” आणि भिंत धरून आत गेले. नळाचा आवाज आला. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा पायजमा बदललेला होता. बसले, चादर सारखी केली.

“हं. सांगा साहेब, काय म्हणत होतात?”

मी सांगितलं. तारखेसकट सांगितलं, मला तारखा पाठ असतात. मामींनी कप उचलले आणि आत नेले, भरलेलेच. मामांनी विचारलं, रागानं नाही, खरोखरच कळत नसल्यासारखं, “पण साहेब, ताईंनी तुमचं काय वाकडं केलं होतं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “त्यांची पत्रं मंजूर व्हायची.”